घरी बसून करावयाची चाकरी

15 मार्च 1959 रोजी मुंबईच्या गिरगावात सात स्त्रियांनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास आरंभ केला. पुढे ‘लिज्जत’ या नावाने सर्वतोमुखी झालेल्या त्या संस्थेत असा शिरस्ता पडला की, सकाळी शाखेतून तिंबलेले पीठ तोलून न्यावे, मुलांची शाळा आणि चूल सांभाळून आपल्या सवडीने घरी पापड लाटावेत, आणि दुसऱ्या दिवशी ते परत तोलून देऊन मजुरी पदरात घ्यावी. सोलापूर, सिन्नर, संगमनेर या भागांत विडीचा धंदाही असाच घरोघर चालत आला; पाने व तंबाखू घरी न्यायची, विड्या वळून कारखान्यात पोचवायच्या, आणि मालकाचा माणूस सदोष म्हणून जेवढ्या छाटून बाजूला काढील तेवढ्यांच्या मजुरीवर पाणी सोडायचे. 1966 च्या विडी व सिगार कामगार कायद्याने घरी काम करणाऱ्यालाही कामगार मानले, ते याच अनुभवाच्या पोटी. तेव्हा घरबसल्या काम ही संगणकाने आणलेली अपूर्वाई आहे, हा समज निराधार आहे. एवढेच नव्हे, तर तोलणार कोण आणि छाटणार कोण, हे त्या जुन्या धंद्यांतील दोन प्रश्न आजही दूरस्थ कामाच्या मुळाशी तसेच उभे आहेत.

कचेरीतील कामाबाबत हा विचार प्रथम पद्धतशीरपणे मांडला तो अमेरिकेतील जॅक निलेस यांनी. मूळचे अवकाशयानांच्या क्षेत्रातील अभियंते असलेल्या या गृहस्थांनी 1973 च्या सुमारास, तेलटंचाईच्या ऐन काळात, लॉस एंजलिसमधील एका विमा कंपनीचे कर्मचारी घराजवळच्या उपकचेऱ्यांत बसवून काय साधते, याची परीक्षा केली. त्यांचे म्हणणे साधे होते : माणसांनी कामाकडे धावण्याऐवजी कामच तारेवरून माणसांकडे जावे. ही गोष्ट विरार किंवा कर्जतच्या गाडीत रोज उभ्याने प्रवास करणाऱ्याला पटवून देण्याची गरज नव्हती, परंतु ती पटण्यासाठी आपल्याकडील मालकवर्गाला मार्च 2020 च्या टाळेबंदीची वाट पाहावी लागली. त्यानंतर मात्र सरकारी नियमही सैल झाले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात दूरसंचार खात्याने कॉल सेंटरसारख्या संस्थांवरील घरून काम करण्याविषयीचे निर्बंध बरेचसे उठवले, आणि जुलै 2022 मध्ये विशेष आर्थिक क्षेत्रांतील कंपन्यांना निम्म्यापर्यंत कर्मचारी घरून कामास लावण्याची मुभा मिळाली.

आता अनेक कंपन्या माणसांना कचेरीत परत बोलावीत आहेत. तरीही चीनमधील एका प्रवास कंपनीच्या 1612 कर्मचाऱ्यांवर केलेल्या आणि 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, आठवड्यातून दोन दिवस घरी काम करणाऱ्यांच्या कामगिरीत किंवा बढतीत काही उणे पडले नाही व नोकरी सोडून जाणाऱ्यांचे प्रमाण एकतृतीयांशाने घटले, असे आढळले. असा मधला मार्ग हाच पुष्कळांच्या वाट्याला येण्याजोगा आहे, असे मला वाटते.

अशा कामाचा शोध घेणाऱ्याने प्रथम एक तारतम्य राखावे. स्थळाची मोकळीक निराळी आणि वेळेची निराळी. न्यूयॉर्कच्या अशिलासाठी घरातील खोलीत बसून काम करणाऱ्याचा दिवस, तिकडे सकाळचे नऊ वाजतात तेव्हा, म्हणजे आपल्या घड्याळाप्रमाणे उन्हाळ्यात सायंकाळी साडेसहाला आणि हिवाळ्यात साडेसातला सुरू होतो व मध्यरात्र उलटल्यावर दोन-तीन तासांनी संपतो. लंडनचे काम दुपारी दीड किंवा अडीचला सुरू होते व रात्रीच्या जेवणाच्या वेळेपर्यंत आटोपते. लहान मूल किंवा आजारी सासूबाई घरात असतील, तर या दोहोंतील अंतर पगाराच्या आकड्याहून मोठे ठरते. सबब मुलाखतीत ‘हजेरी किती वाजता, आणि ती कोणत्या देशाच्या वेळेने?’ हा प्रश्न निःसंकोच विचारावा.

याउलट खऱ्या अर्थाने लवचिक असलेली कामे पुष्कळदा जाहिरातीत दिसतच नाहीत. जीएसटीचे विवरण दरमहा भरणाऱ्या व्यापाऱ्याला विक्रीचा तपशील 11 तारखेपर्यंत आणि कराचे विवरण 20 तारखेपर्यंत सादर करावे लागते. त्यामुळे टॅली उत्तम जाणणारी कराडची एखादी गृहिणी पुण्याच्या चार-पाच दुकानदारांच्या वह्या सांभाळू लागली, तर त्या दोन तारखांच्या आधीचे काही दिवस तिची दमछाक होते आणि उरलेला महिना बव्हंशी तिचा असतो. बिले व्हॉट्सॲपवर येतात, नोंदी रात्री केल्या काय अन् पहाटे केल्या काय, दुकानदाराला त्याचे सोयरसुतक नसते. मालिकांची उपशीर्षके, मराठी अनुवाद, मुद्रितशोधन, जुन्या फॉन्टमधील मजकूर युनिकोडमध्ये आणून तो तपासणे, शिकवण्या, ही कामेही याच जातीची आहेत. त्यांत तोलले जाते ते तयार कामच, आणि ते कुठे व केव्हा झाले याची चौकशी कोणी करीत नाही. म्हणून ‘घरबसल्या काय मिळेल?’ असे विचारीत बसण्याऐवजी आपल्या हाती कोणते कसब आहे ते ठरवावे, आणि मग त्यातील कोणता भाग दुरून करता येईल ते शोधावे.

हा शोध आरंभावा तो आपल्या चालू किंवा पूर्वीच्या मालकापासून, कारण आपल्या कामाची खातरजमा त्याने आधीच केलेली असते. 2017 मध्ये दुरुस्त झालेल्या मातृत्वलाभ कायद्यात, 26 आठवड्यांच्या रजेनंतर, कामाचे स्वरूप अनुकूल असल्यास, परस्परसंमतीने घरून काम करता येईल अशी तजवीज करण्यात आली, हे फार थोड्या स्त्रियांना ठाऊक असते. अर्जात अडचणींचा पाढा न वाचता हिशेब मांडावा : ‘मंगळवार व गुरुवार घरून काम करीन, त्या दिवसांचा तपशील सायंकाळी सहापर्यंत पाठवीन, तीन महिन्यांनी आढावा घ्यावा.’ असा अर्ज नाकारणे साहेबाला जरा जड जाते. अर्थात मंजुरी मिळाल्यावर घरच्या मंडळींनाही एक निराळा अर्ज करावा लागतो, कारण घरी असलेला माणूस मोकळाच आहे, अशी आपल्या कुटुंबसंस्थेची दृढ श्रद्धा आहे.

नवी ओळख काढावयाची असेल तर नोकरी डॉट कॉम, लिंक्डइन ही संकेतस्थळे आहेत. केंद्र सरकारची 2015 पासून चालू असलेली नॅशनल करिअर सर्व्हिस तर विनामूल्य आहे. फायवरसारख्या बाजारपेठेत सुटी कामे मिळतात, मात्र तेथे मोबदल्यातील 20 टक्के दलाली कापली जाते, हे ध्यानात ठेवून दर सांगावा. काम देण्यापूर्वी कोणी पानभर नमुना मागणे रास्त आहे. नमुना म्हणून अख्खे प्रकरण मागणारा फुकट काम उरकून घेतो आहे, असे खुशाल समजावे.

आणि छाटणीचा जुना प्रश्न सर्वांत भेसूर रूपात भेटतो तो येथेच. ‘डेटा एंट्री, अनुभवाची अट नाही’ अशी जाहिरात येते; करारनाम्यावर सही घेतली जाते; मुदतीत पुरी होणार नाहीत एवढी पाने भरावयास दिली जातात, आणि शेवटी ‘चुका मर्यादेबाहेर गेल्या’ असे सांगून वकिलाच्या नावाने दंडाची नोटीस धाडली जाते. दुसरा प्रकार टेलिग्रामवरील ‘टास्क’चा : व्हिडिओला पसंती देण्याबद्दल प्रथम शे-दोनशे रुपये खरोखरच जमा होतात, मग मोठ्या कामासाठी अनामत मागितली जाते आणि ती कधीच परत येत नाही. डिसेंबर 2023 मध्ये केंद्र सरकारने असल्या अर्धवेळ नोकरीच्या फसवणुकीतील शंभराहून अधिक संकेतस्थळे बंद केली, तरी हा धंदा थांबलेला नाही. काम देणारा कामगाराकडून पैसे मागत नसतो. तेव्हा दंडाची अशी नोटीस हाती पडली तर घाबरून रक्कम भरू नका. घरच्यांपासून लपवू नका. आणि पैसे गेलेच असतील तर त्याच घटकेस 1930 या क्रमांकावर तक्रार नोंदवा, कारण रक्कम पुढच्या खात्यात सरकण्यापूर्वी बँकेला ती रोखता येते.