राई, बन, जाळी आणि बेट

लहानशा झाडीसाठी मराठीत किती नेमके शब्द आहेत! आंब्यांची आमराई, पण केवड्याचं, चिंचेचं, सुरूचं मात्र बन. खाडीच्या चिखलात कांदळवन. गोव्यात पोफळी, माड आणि मिरवेलींचं मिळून कुळागर.

बांबूचं बेट. एकाच कंदातून कोंब फुटत जातात, काठ्या एकमेकींना खेटून वाढतात आणि मोकळ्या रानात तो पुंजका बेटासारखाच वेगळा उठून दिसतो.

करवंदीची मात्र जाळी. फांद्या एकमेकींत इतक्या गुंततात की हात घातला की काट्यांनी ओरबाडलाच, आणि कच्चं करवंद तोडलं की बोटं चिकानं चिकट. पण ससा, तित्तर यांना लपायला याहून चांगली जागा नाही. वेली, झुडपं, गवत माजून पाय टाकायला जागा उरली नाही की ते गचपण. हा शब्द तक्रारीच्या सुरात येतो, पण पक्ष्यांना घरटं करायला तेच हवं असतं.

माझी सगळ्यात आवडती देवराई. देवाच्या नावानं राखलेली. अनेक गावांत तिथली वाळकी काटकीही कुणी उचलत नाही. म्हणूनच हातभर लांब शेंगांची गारंबीची वेल अशा ठिकाणी टिकली. परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात या राया अभ्यासल्या.

पूर्व विदर्भात तर अख्खा प्रदेशच झाडीपट्टी आणि तिथली बोली झाडीबोली!

तुमच्याकडे अशा झाडीला काय म्हणतात? गावाच्या नावासकट जरूर सांगा.