ओंडका किती वेळा उचलायचा?

म्हैसूर म्हटले की राजवाडा, रेशीम आणि दसऱ्याचे हत्ती डोळ्यांपुढे येतात. पण शहराच्या पश्चिमेला हुणसूर, पिरियापट्टणकडे पावसाळ्यात गेले, की तंबाखू वाळवण्याच्या भट्ट्या पेटलेल्या दिसतात. एका घाण्याला पाच-सहा दिवस अखंड जाळ लागतो आणि किलोभर तयार पानामागे ४ ते ५ किलो लाकूड खर्ची पडते. शहरात लग्नाचे आचारीही आहेतच. तेव्हा जळणाच्या छोट्या वखारीला गिऱ्हाईक मिळते. खचते ती पाठ.

नवा माणूस आधी कुऱ्हाडीला पर्याय शोधतो. खरी मेहनत मात्र उचलठेवीत असते. ओंडका शेतातून गाडीत, गाडीतून जमिनीवर, तिथून फोडायला, मग थप्पीवर, मग काट्यावर, शेवटी गिऱ्हाइकाच्या टेम्पोत. सहा वेळा! मजूर आला नाही, की हे सारे घरच्या बायकामुलांवर पडते.

यातल्या निम्म्या खेपा बिनखर्चात वाचतात. भट्टीच्या तोंडाच्या मापाचे तुकडे शेतातच करून घ्यावेत. टेम्पोच्या फाळक्याइतका उंच ओटा बांधला, तर माल उचलायचा नाही, नुसता सरकवायचा. काटाही टोपलीगणिक नको. टेम्पो रिकामा आणि भरलेला असा दोनदा मोठ्या काट्यावर नेला की झाले. निलगिरी ओली असतानाच फोडावी, वाळली की ती हट्टी होते. माल वाढला तर तेलाच्या दाबावर पाचर रेटणारे यंत्र घ्यावे. आरायंत्र बसवायचे असेल, तर आधी वनखात्याचा परवाना.

सगळ्यात स्वस्त मजूर म्हणजे ऊन. निम्मे पाणी असलेले १०० किलो ओले लाकूड पाण्याचा अंश २० टक्क्यांवर येईपर्यंत वाळवले, तर साडेबासष्ट किलो उरते. साडेसदतीस किलो ओझे कुणी न उचलता गेले! त्यासाठी फोडलेला माल उन्हाळ्यातच, जमिनीपासून वर, वर पत्रा आणि बाजू मोकळ्या ठेवून रचावा.

इथेच मोह होतो. विक्री वजनावर, म्हणजे पाणीही लाकडाच्या भावाने खपते. असा माल भट्टीत धुमसतो आणि गिऱ्हाईक पुढच्या हंगामात दुसरी वखार गाठते. म्हणून सुक्या मालाचा भाव वेगळा ठेवावा आणि ओली-सुकी अशी दोन लाकडे गिऱ्हाइकाच्या हातात द्यावीत. भट्टीवाल्याला फरक लगेच कळतो. आचाऱ्याला तर सांगावेही लागत नाही.