क्लीनर साइडची रिकामी सीट

लोणावळ्याहून खोपोलीकडे उतरणारा भरलेला दहाचाकी ट्रक थोडक्या किलोमीटरांत अर्धा किलोमीटरहून जास्त उंची खाली येतो. तीन आसांच्या अशा गाडीचं मालासकट वजन २०१८च्या सुधारित मर्यादेनुसार २८.५ टनांपर्यंत चालतं. एवढं वजन एवढं खाली आणताना जी ऊर्जा सुटते तिची अखेर बहुतांशी उष्णताच होते. हिशेब मांडला तर चारशे लिटर गार पाण्याला उकळी फुटेल एवढी. ती इंजिनाच्या रोधाने जिरवायची की ब्रेकच्या लायनरनी सोसायची, हे घाटाच्या माथ्यावर ड्रायव्हर कोणता गिअर निवडतो त्यावर ठरतं. लायनर प्रमाणाबाहेर तापले की ड्रमवरची पकड सुटत जाते, पेडल दाबूनही गाडी धरत नाही आणि वेग वाढल्यावर खालचा गिअर टाकायला जावं तर तो पडत नाही. इतर कामांत चुकत चुकत शिकता येतं, इथे पहिली चूकच शेवटची ठरू शकते. म्हणूनच माझं म्हणणं असं, की नव्या ड्रायव्हरच्या शेजारी पहिले काही महिने जुना ड्रायव्हर बसलेला असणं ही चैन नव्हे. गाडीला ब्रेक असावेत इतकीच ती प्राथमिक गरज आहे.

जुना ड्रायव्हर शिकवतो म्हणजे नेमकं काय करतो? बरंचसं तो बोलतही नाही. घाटाआधी गाडी बाजूला घेऊन प्रत्येक चाकाजवळ हाताचा पंजा उलटा धरतो. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा जास्त धगधगत असेल तर तिथला ब्रेक घासतोय, हे नव्याला आपोआप कळतं. लोखंडी रॉडने टायर ठोकतो. दुहेरी चाकांतला आतला टायर बसला असेल तर डोळ्यांना दिसत नाही, पण आवाज बद्द येतो. हा आवाज पुस्तकात लिहून शिकवण्यासारखा नाही, चार टायरांचा ऐकल्यावर पाचव्याचा ओळखता येतो. मग हवेच्या काट्याकडे बोट, दोरखंड आणि फाळक्याच्या कड्यांवरून एक नजर. उतरताना ब्रेकवर पाय ठेवून राहायचं नाही, ठरलेल्या वेगाच्या वर गाडी गेली की एकदा नीट दाबायचा आणि सोडायचा, हे तो इंजिनाचा आवाज ऐकत सांगतो. गाडी मागे घेतानाचा त्याचा नियम आणखी साधा: मागे उभा असलेला माणूस आरशातून दिसेनासा झाला, की गाडी जागच्या जागी थांबवायची. तो कुठे गेला असेल याचा अंदाज करायचा नाही.

हे शिक्षण पूर्वी क्लीनरच्या सीटवर व्हायचं. गावाकडचा पोरगा किन्नर म्हणून गाडीवर चढायचा, चाकाला दगड लावायचा, ताडपत्री बांधायचा, वस्तादाची बोलणी खायचा आणि काही वर्षांनी स्टेअरिंगवर यायचा. भाड्याच्या ओढाताणीत खर्च वाचवायचा तर पहिली कात्री या सीटवर लागली. नॅशनल परमिटच्या गाडीवर दोन ड्रायव्हर हवेत ही अटही २०१८ साली निघाली. कायद्याच्या बाजूने पाहावं तर वय २० पूर्ण आणि हलक्या वाहनाचा परवाना एक वर्ष जुना असला, की जड वाहनाचा शिकाऊ परवाना मिळू शकतो. केंद्राच्या २०२१च्या नियमांनी आलेल्या मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रांत मध्यम व जड वाहनांचा अभ्यासक्रम सहा आठवड्यांत ३८ तासांचा आहे, त्यात वर्गातले तासही आले. तिथे सिम्युलेटर असतो, आखलेला ट्रॅक असतो. ही केंद्रं हवीतच. पण पावसाळी रात्री, धुक्यात, मागे पंचवीस टनांचा रेटा असताना कसारा उतरणं ट्रॅकवर येत नाही. आणि पक्का परवाना हातात पडल्यावर पहिल्याच फेरीत नेमकं तेच एकट्याने करायला कोणतीही आडकाठी नाही.

यावर पहिला आक्षेप खरा आहे आणि तो टाळून पुढे जाणं बरोबर नाही. क्लीनरची जुनी पद्धत ही शाळा कमी आणि वेठबिगार जास्त होती. कोवळी पोरं, तुटपुंजा पगार, आणि मध्यरात्री डोळे जड झाल्यावर परवाना नसलेल्या पोराच्या हातात दिलेलं स्टेअरिंग! याला शिकवणं म्हणत नाहीत. शिवाय वस्ताद वाईट सवयीही तितक्याच निष्ठेने देतात. डिझेल वाचवायला उतारावर गाडी न्यूट्रल करून सोडणं ही त्यांतली सर्वांत घातक. न्यूट्रलमध्ये इंजिनाचा रोध शून्य होतो, आणि कुणी इंजिनच बंद केलं तर कंप्रेसर थांबतो, दर दाबागणिक टाकीतली हवा उतरते, स्टेअरिंग जड होतं. पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्याकडून नवले पुलाकडे येणाऱ्या उतारावर भरधाव ट्रकांचे अपघात पुन्हा पुन्हा होतात, तेव्हा या सवयीची चर्चा होतेच. ‘ज्या गिअरमध्ये चढलास त्याच गिअरमध्ये उतर’ हा जुना नियमही आता अपुरा आहे. आजची ताकदवान इंजिनं भरल्या गाडीनिशी वरच्या गिअरमध्येही चढून जातात, तोच गिअर उतरताना पुरत नाही, आणखी खालचा घ्यावा लागतो. पण यातून निष्कर्ष निघतो तो वस्तादालाही आधी शिकवण्याचा, त्याला गाडीतून उतरवण्याचा नाही. शेजारी बसणारा निवडून घेतलेला असावा, नव्या गाड्यांची उजळणी केलेला असावा. शिकणारा सज्ञान, परवानाधारक आणि पगारी असावा. क्रमही ठरलेला हवा: आधी रिकामी गाडी सपाट रस्त्यावर, मग भरलेली, घाट सर्वांत शेवटी आणि पहिल्यांदा दिवसाउजेडीच.

दुसरा आक्षेप यंत्राच्या भरवशावरचा. एबीएस आहे, एक्झॉस्ट ब्रेक आहे, १ ऑक्टोबर २०२५पासून बनणाऱ्या ट्रकांना वातानुकूलित केबिनही सक्तीची झाली; मग वस्ताद कशाला? एबीएस चाक जाम होऊ देत नाही, तापलेल्या लायनरची पकड परत आणत नाही. एक्झॉस्ट ब्रेकचं बटण माथ्यावर दाबायचं असतं, अर्ध्या उतारावर आठवून फारसा उपयोग नसतो. थंड, बंद केबिनमध्ये तर लायनरचा जळका वास उशिरा येतो. सुखसोय हवीच, ड्रायव्हरांनी ती फार उशिरा पाहिली. पण तिने शिकण्याची गरज कमी केलेली नाही.

उरतो पैशाचा प्रश्न, आणि खरा अडसर तोच. एका गाडीचा मालक दुसरा पगार कुठून देणार? अमेरिकेत २०२२ साली सुरू झालेल्या प्रायोगिक योजनेत २१ वर्षांखालच्या ड्रायव्हरला आंतरराज्य वाहतुकीत आणताना १२० आणि २८० अशा दोन टप्प्यांत ४०० तास अनुभवी ड्रायव्हर शेजारी ठेवण्याची अट घातली होती. तिथल्या मोठ्या कंपन्यांना ते झेपत असेल, इथला छोटा मालक एकटा ते पेलू शकणार नाही. ज्याचा माल वेळेवर पोहोचायचा असतो त्यानेच यात वाटा उचलायला हवा. कारखान्यांनी आणि मोठ्या व्यापाऱ्यांनी वाहतुकीचा करार करताना गाडीचा विमा आणि फिटनेस विचारतात, तसंच ड्रायव्हर नवा असेल तर त्याच्या शेजारी कोण बसणार हेही विचारावं, आणि त्या दुसऱ्या माणसाचा पगार धरूनच भाडं ठरवावं.