पाळणाघरात मुलं मोजतं कोण?

मैत्रिणींनो, शाळेनंतरचं पाळणाघर ठरवताना आपण फी विचारतो, खाऊ काय देतात ते विचारतो. पण मुलं मोजतं कोण, हे विचारतो का? रिक्षातून उतरल्यावर, अंगणातून आत येताना आणि घरी निघताना डोकी मोजायलाच हवीत. मूल नजरेआड होतं ते याच घाईगर्दीत.

न्यायला येणाऱ्यांची नावं वहीत लिहून द्या. ओळखीचे काका आले, पण वहीत नाव नाही, तर मूल सोडायचं नाही! न्हाणीघरातली बादली पालथी आहे ना, तेही पाहा. वीतभर पाण्यातही लहानगं बुडू शकतं.

आणि मूल एकाएकी ‘तिथं नको’ म्हणू लागलं, तर हट्ट समजून दामटू नका. जवळ घेऊन ऐका. काही वावगं वाटलं, तर मुलांच्या मदतीसाठी १०९८ हा मोफत फोन आहे.