रात्र नसलेले रुग्णालय

मोतीबिंदूचे ऑपरेशन ठरले की पूर्वी घरात वेगळीच धावपळ सुरू व्हायची. डबा कोण नेणार, रात्री सोबतीला कोण थांबणार, सुटी कोण काढणार, सगळे आधी ठरवावे लागे. आता आजी सकाळी रिक्षाने जातात आणि दुपारच्या जेवणाला घरी असतात. मोतीबिंदूच कशाला, हर्नियाचे आणि दुर्बिणीतून होणारे गुडघ्याचे रुग्णही अनेकदा त्याच दिवशी घरी परततात. अमेरिकेत तर गुडघ्याचा सांधा बदललेल्या काही जणांनाही संध्याकाळी घरी पाठवतात. याचे श्रेय आपण तंत्रज्ञानाला देतो. ते खरेच आहे, पण अर्धेच. उरलेले अर्धे हिशेबाच्या वहीत आहे.

कल्पना तशी जुनी आहे. ग्लासगोतले शल्यविशारद जेम्स निकोल यांनी १९०९ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये मुलांवरील ८,९८८ शस्त्रक्रियांचा दहा वर्षांचा अहवाल मांडला. दुभंगलेले ओठ, हर्निया, वाकडी पावले अशा तक्रारी घेऊन आलेली ही मुले ऑपरेशननंतर वॉर्डात न राहता आईच्या कुशीतून घरी गेली होती. परिणाम वॉर्डातल्या मुलांइतकेच चांगले आणि खर्च दशांश, असे निकोल यांचे म्हणणे होते. मात्र नर्स त्या मुलांच्या घरी जाऊन त्यांना तपासत असत. ही बाब पुढे फारशी कोणी लक्षात ठेवली नाही.

व्यवसाय म्हणून या कल्पनेला आकार आला तो अमेरिकेतल्या फिनिक्स शहरात. वॉलेस रीड आणि जॉन फोर्ड या दोन भूलतज्ज्ञांनी १९७० मध्ये तिथे ‘सर्जिसेंटर’ सुरू केले. छोट्या ऑपरेशनसाठी रुग्णाने मोठ्या रुग्णालयाचा खर्च का सोसावा, हा त्यांचा साधा प्रश्न होता. १९८२ पासून ज्येष्ठांसाठीची सरकारी विमा योजना ‘मेडिकेअर’ अशा केंद्रांना पैसे देऊ लागली आणि वाढ वेगाने झाली. आज मेडिकेअरची मान्यता असलेली सहा हजारांहून अधिक केंद्रे अमेरिकेत आहेत. याच काळात भुलीची औषधेही बदलली. ऐंशीच्या दशकात आलेल्या प्रोपोफोलमुळे रुग्ण लवकर आणि बऱ्यापैकी ताजातवाना जागा होऊ लागला. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियांनी जखम लहान केली. ही दोन्ही साधने हाताशी नसती, तर संध्याकाळी घरी जाणे बहुतेकांना जमलेच नसते.

अशी केंद्रे स्वस्त का पडतात? मोठ्या रुग्णालयात सकाळी नऊचे ऑपरेशन दुपारी दोनवर जाऊ शकते, कारण मध्येच अपघाताचा रुग्ण येतो. केंद्रात असा रुग्ण येतच नाही. तीच टीम, तीच अवजारे, तीच ठरावीक ऑपरेशने. एक रुग्ण बाहेर गेला की थोड्याच वेळात पुढचा टेबलावर. नेत्रतज्ज्ञ एका सकाळीत दहा-बारा मोतीबिंदू काढू शकतो. रात्रपाळीची नर्स नाही, अतिदक्षता विभाग नाही, स्वयंपाकघर नाही. भाडे आणि यंत्रांचा खर्च अधिक रुग्णांवर वाटला जातो.

विमा देणाऱ्यालाही हे सोयीचे आहे. त्याच शस्त्रक्रियेसाठी मेडिकेअर रुग्णालयाला जेवढे देते, त्याच्या साधारण निम्मे या केंद्रांना देते. ही दरी सगळी कार्यक्षमतेतून आलेली नाही. २००८ मध्ये दोघांचे दर एकाच मोजपट्टीला जोडले गेले, तेव्हाच केंद्रांचा दर बराच खाली ठेवला होता. त्यानंतर रुग्णालयांचे दर रुग्णालयीन खर्चाच्या निर्देशांकाने वाढत राहिले आणि केंद्रांचे सर्वसाधारण महागाईने. हा फरक २०१९ मध्ये दूर केला गेला, तोवर अंतर वाढलेले होते. रुग्णाला आपल्या वाट्याचे वीस टक्के भरायचे असतात. मूळ रक्कमच निम्मी असेल तर त्याचाही फायदाच होतो.

गुंतागुंत मालकीपाशी सुरू होते. यातल्या पुष्कळ केंद्रांमध्ये ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांचीच भागीदारी असते. २०१० च्या आरोग्य कायद्याने डॉक्टरांच्या मालकीच्या नव्या रुग्णालयांना मेडिकेअरचे दार जवळपास बंद केले. शस्त्रक्रिया केंद्रांना ते उघडेच राहिले. शल्यविशारदाला स्वतःची फी मिळते आणि केंद्राच्या नफ्यातला वाटाही. चांगला विमा असलेला, धडधाकट रुग्ण आपल्या केंद्रात न्यायचा आणि मधुमेह, स्थूलता, हृदयविकार असलेला रुग्णालयात पाठवायचा, हा मोह अगदी उघड आहे. अवघड रुग्णाला रुग्णालयात पाठवणे वैद्यकीयदृष्ट्या योग्यच असते, म्हणून तर हा मोह ओळखणे कठीण. अमेरिकी रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागाला १९८६ च्या कायद्यानुसार दारात आलेल्याला परत पाठवता येत नाही. हा तोटा रुग्णालये नियोजित, सोप्या शस्त्रक्रियांच्या उत्पन्नातून भरून काढत. तेच उत्पन्न आता बाहेर चालले आहे.

मोठ्या कंपन्यांनी ते केव्हाच हेरले. ‘युनायटेडहेल्थ’ या विमा समूहाच्या ‘ऑप्टम’ने २०१७ मध्ये ‘सर्जिकल केअर अफिलिएट्स’ ही केंद्रांची साखळी सुमारे २.३ अब्ज डॉलरना घेतली. म्हणजे बिल देणारा आणि बिल लावणारा एकाच छपराखाली. ‘टेनेट’ ही तर मुळात रुग्णालये चालवणारी कंपनी. तिने अलीकडे काही रुग्णालये विकली आणि तिच्या शस्त्रक्रिया केंद्रांची संख्या पाचशेपार गेली आहे. मेडिकेअरने २०२० पासून या केंद्रांत गुडघा बदलायला आणि २०२१ पासून खुबा बदलायला मान्यता दिल्यावर तर मोठी रक्कमच इकडे वळू लागली.

आपल्याकडची गोष्ट थोडी वेगळी. डॉक्टरच्या मालकीचे छोटे नर्सिंग होम महाराष्ट्रातल्या गल्लोगल्ली कधीपासूनच आहे. नवे आहे ते त्याच दिवशी घरी जाणे, आणि त्यात आडवा येत होता तो विमा. किमान २४ तास दाखल असल्याशिवाय दावा नाही, हा मेडिक्लेमचा जुना दंडक. मग ‘डे केअर’ उपचारांना त्यातून सूट मिळाली. रुग्णालयासाठी लागणारी दहा किंवा पंधरा खाटांची अटही डे केअर केंद्राला नाही. पात्र डॉक्टर, पात्र नर्स, सुसज्ज शस्त्रक्रियागृह आणि रुग्णांच्या दैनंदिन नोंदी मात्र हव्यात. तरीही पॉलिसीतले बारीक अक्षर वाचलेले बरे. ‘आरोग्य संजीवनी’ ही प्रमाणित पॉलिसी २०२० मध्ये आली तेव्हा मोतीबिंदूसाठी एका डोळ्याला विमा रकमेच्या २५ टक्के किंवा ४० हजार रुपये, यांतली कमी रक्कम एवढीच मर्यादा होती. महागडी लेन्स निवडली तर वरचे पैसे खिशातून. या क्षेत्रात मोठे भांडवलही उतरले आहे. बेंगळुरूहून सुरू झालेली ‘नोव्हा’ची अल्पमुक्कामी शस्त्रक्रिया केंद्रे २०१५ मध्ये अपोलो समूहाने घेतली. ‘अपोलो स्पेक्ट्रा’ नावाने ती मुंबई-पुण्यातही दिसतात.

राहता राहिली रात्र. ती केंद्राच्या हिशेबातून वजा झाली, तरी घरात उगवतेच. भूल दिलेल्या रुग्णाला पहिले २४ तास एकटे ठेवू नये, त्याने वाहन चालवू नये, महत्त्वाच्या कागदांवर सही करू नये, असे सांगितले जाते. सोबतीला जाणते माणूस नसेल तर चांगले केंद्र ऑपरेशनच पुढे ढकलते. मळमळ, लघवी न होणे, बँडेज भिजणे, दुखण्याची गोळी किती वाजता द्यायची, हे पूर्वी नर्स पाहत असे. आता ते सून, मुलगी किंवा नवरा पाहतो, दुसऱ्या दिवशीची रजा टाकून. निकोल यांची नर्स घरी येत असे; आज बहुतेक ठिकाणी एक फोन नंबर मिळतो.

म्हणून ऑपरेशनची तारीख घेतानाच तीन गोष्टी विचारून घ्याव्यात. रात्री दोन वाजता तो फोन उचलणारा डॉक्टर असेल का? टेबलावर काही बिघडले तर कोणत्या रुग्णालयात हलवणार, आणि तिथे आधी बोलणे झालेले आहे का? त्या रुग्णालयाचे बिल याच दाव्यात बसेल का? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर विमा कंपनीकडून लेखी घ्यावे.