हुरहुरीचं गाणं कोणी केलं?

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठी अभिजात झाली. पेढे वाटून झाले, सत्कार झाले, आणि वर्ष सरायच्या आत एका अंकाने माझ्या लेखातली 'हुरहूर' खोडून तिथे 'अँक्झायटी' बसवली. का, म्हणून विचारलं तर उत्तर आलं, "सर, नवा वाचक कनेक्ट होत नाही." माझा राग त्या पोरावर फारसा नाही. त्याच्यापर्यंत शब्द पोचला तोच अत्तर लावून. हे अत्तर कोणी लावलं, तो हिशेब मात्र कधीतरी करायलाच हवा होता.

कोशांचा काळ मी भराभर उलटतो. मोल्सवर्थचा कोश १८३१चा, दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश १९३२ ते १९३८मधला. या मंडळींचे उपकार मोठे. पण कोशात शब्द पाहुण्यासारखा अंग चोरून बसतो, घरात तो कसा वागतो ते तिथे दिसत नाही. पुढे फडके-खांडेकरांच्या जमान्यातले लेखक आणि त्यांच्या मागून आलेले मासिकांतले कथाकार. नायिका खिडकीशी, बाहेर संध्याकाळ, आणि मनात 'अनामिक' हुरहूर. ते विशेषण एकदा चिकटलं ते चिकटलंच. माझं भांडण त्याच्याशी आहे. हुरहुरीला नाव असतं, गाव असतं, बहुतेकदा घरी यायची वेळही ठरलेली असते. नसते ती फक्त खात्री.

हे मी शिकलो लालबागच्या चाळीत, गेल्या शतकाच्या नवव्या दशकात. १८ जानेवारी १९८२ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. वडील साचाखात्यात. त्याआधी वडिलांची दुसरी पाळी असली की आई भाकऱ्या टोपाखाली झाकून गॅलरीत उभी राहायची. पाळी सुटल्याचा भोंगा झाला, बाकीचे बापे जिना चढून आले आणि आमचा माणूस दिसला नाही, की म्हणायची, "कसली हुरहूर लागलीय जिवाला, नाक्यापर्यंत बघून ये रे." मी बघून यायचो. वडील पानवाल्याशी गप्पा छाटत असायचे. आईची हुरहूर तिथेच संपायची आणि तोंड सुरू व्हायचं.

संपात भोंगा गेला. माणूस दिवसभर घरात, आणि तरीही तिची हुरहूर जाईना. आता ती कोणाची वाट बघतेय, तेच आम्हाला कळेना. आजूबाजूच्या खोल्या रिकाम्या होत होत्या. बिऱ्हाडं एसटीने रत्नागिरीला, साताऱ्याला गावी निघाली होती. पण चाळीतल्या बायकांनी आपल्या शब्दांत गल्लत केली नाही. शेजारच्या काकींनी दुकानदाराची उधारी फेडायला पाटल्या मोडल्या. त्यांना लागली ती रुखरुख, कारण गोष्ट होऊन गेली होती. संपाच्या दुसऱ्या वर्षी काही गिरण्या धडपडत चालू झाल्या, तेव्हा वडिलांची झाली ती घालमेल: आत जावं तर चाळीत 'फितूर', बाहेर राहावं तर धाकटीची फी. पोलीस जिन्यावर आले त्या रात्री सगळ्यांना होती ती धाकधूक. हुरहूर मात्र आईने उद्यासाठी राखून ठेवली होती. यातला एकही शब्द त्यांनी पुस्तकातून घेतला नव्हता. दोघीतिघींना तर सहीच्या जागी अंगठा चालायचा.

संप रीतसर मागे घेतल्याची घोषणा कधी झालीच नाही. त्यामुळे 'संपलं' असं म्हणायचा दिवस त्या बायकांच्या वाट्याला आला नाही, आणि हुरहूर तशीच लांबत गेली. मला वाटतं, त्या तरी तो शब्द किती वर्षं उच्चारणार? त्याच सुमाराला कोणी वॉचमन झाला, कोणी हातगाडी लावली, आणि बाहेरून येताना हे बापे 'टेन्शन' घरी घेऊन आले. सोयीचा शब्द. त्यात उधारी मावते, पोटदुखी मावते, पोराचा निकाल मावतो. रुखरुख, घालमेल, धाकधूक सगळ्यांची एकाच पोत्यात भरती. आणि इकडे हुरहूर कुठे चाललीय? तर भावगीतांच्या कार्यक्रमात, निवेदिकेच्या तोंडी, दोन गाण्यांच्या मधे. निरोपसमारंभांनी उरलीसुरली वाटून घेतली. ज्या साहेबाच्या जाण्याने अख्खं ऑफिस सुटकेचा श्वास टाकतं, त्याच्याही सत्काराला 'आज मनाला हुरहूर लागली आहे' हे ठरलेलं.

त्या गिरण्यांच्या जागी आता मॉल आणि काचेचे टॉवर आहेत. त्यातल्याच एकात मुलगा नोकरीला. परवा रात्री त्याला उशीर झाला. सूनबाईच्या मोबाइलवर नकाशात त्याचा निळा ठिपका दिसतो, तो करी रोडच्या पुलाशी अडकून हलेना. ती ठिपक्याकडे बघत दाराशी उभी, स्वयंपाक झाकलेला. "बाबा, मला फार टेन्शन आलंय." मी म्हटलं, "हिला हुरहूर म्हणतात, पोरी." ती तशा अवस्थेतही हसली.

"हुरहूर? ती गाण्यात असते हो, बाबा."