स्वयंपाकघरातला हिशेब आणि कॉलेजची फी

1963 साली वॉशिंग्टनमध्ये, अमेरिकेच्या सामाजिक सुरक्षा खात्यात काम करणारी मॉली ओर्शान्स्की नावाची संख्याशास्त्रज्ञ एक घरगुती हिशेब मांडत होती. घरातल्या माणसांना कमीत कमी खर्चात पोटभर जेवू घालायचे, तर वर्षाला किती पैसे लागतील? सरकारच्या शेतीखात्याने अगदी काटकसरीच्या जेवणाचा एक तक्ता तयार केलेला होता. 1955 च्या पाहणीवरून असेही दिसत होते, की अमेरिकन कुटुंबाचा साधारण तिसरा हिस्सा पैसा जेवणावर जातो. ओर्शान्स्कीने त्या काटकसरीच्या जेवणाच्या खर्चाला तीनने गुणले आणि ज्या घराचे उत्पन्न त्याहून कमी ते घर गरीब, असे धरले. युक्रेनहून आलेल्या स्थलांतरितांच्या पोटी जन्मून ती स्वतः न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये गरिबीत वाढली होती. तिचा हा गुणाकार अमेरिकेची अधिकृत दारिद्र्यरेषा झाला. महागाईबरोबर आकडा दरवर्षी वर सरकतो, पण पाया अजून तोच आहे.

आता साठ वर्षे पुढे या. टेनेसीतली किंवा कॅलिफोर्नियातली एखादी मुलगी दुकानातली पाळी संपवून रात्री मोबाइलवर कॉलेजच्या मदतीचा अर्ज भरते आहे. ओर्शान्स्कीचे नाव तिने कधी ऐकलेले नसते. पण 2024-25 पासून तिला सरकारचे पूर्ण अनुदान हमखास मिळेल की नाही, हे त्याच रेषेच्या पटीत मोजले जाते. घरात आईवडील दोघे असतील तर रेषेच्या पावणेदोन पट, एकटी आई किंवा एकटे वडील असतील तर सव्वादोन पट. अलास्का आणि हवाई सोडून इतर राज्यांत 2023 साली चौघांच्या घरासाठी ही रेषा 30,000 डॉलर होती. म्हणजे त्या रेषेनुसार पहिल्या घराला 52,500 पर्यंत आणि दुसऱ्याला 67,500 पर्यंत उत्पन्न चालत होते. सहा दशकांपूर्वीचा भाजी-दुधाचा हिशेब आज कॉलेजची फी भरतो आहे, हे मला पहिल्यांदा उमगले तेव्हा मी कितीतरी वेळ त्या आकड्यांकडे बघत राहिले.

ज्या कॉलेजांसाठी हा हिशेब सर्वांत मोलाचा, ती म्हणजे कम्युनिटी कॉलेजे. इलिनॉयमधले जोलिएट ज्युनियर कॉलेज हे त्यातले सर्वांत जुने सरकारी कॉलेज, 1901 सालचे. आज देशभर अशी हजाराच्या आसपास कॉलेजे आहेत. दोन वर्षांचे शिक्षण, बहुतेक ठिकाणी सर्वांना मुक्त प्रवेश, कमी फी आणि पुढे चार वर्षांच्या विद्यापीठात जाण्याची सोय. नर्स व्हायचे असो, वेल्डर व्हायचे असो की चाळिशीत पुन्हा शिकायचे असो, वाट इथूनच निघते. कॅलिफोर्नियात अशी 116 कॉलेजे आहेत आणि तिथल्या रहिवाशाला एका युनिटला 46 डॉलर पडतात. बारा युनिट म्हणजे एका सत्राचे 552 डॉलर, आणि कमी उत्पन्नाच्या विद्यार्थ्याला तेही माफ होतात.

मदतीचा मुख्य झरा म्हणजे पेल ग्रँट. ही परत फेडायची नसते. तिची मुळे टेक्सासच्या कोटुला गावात सापडतात. 1928 साली पैशांसाठी कॉलेज वर्षभर सोडून लिंडन जॉन्सन नावाचा विद्यार्थी तिथे मेक्सिकन वंशाच्या गरीब मुलांना शिकवायला गेला होता. या मुलांना कॉलेजचे दार बंद आहे आणि त्याचे कारण केवळ गरिबी, ही गोष्ट तो विसरला नाही. राष्ट्राध्यक्ष झाल्यावर 8 नोव्हेंबर 1965 रोजी त्याने उच्च शिक्षण कायद्यावर सही केली. सहीसाठी तो मुद्दाम सॅन मार्कोसला, आपल्या जुन्या कॉलेजात गेला आणि तिथल्या भाषणात त्याने कोटुलाच्या मुलांची आठवण काढली.

1972 साली ऱ्होड आयलंडचे सिनेटर क्लेबोर्न पेल यांनी त्यात आणखी एक पाऊल टाकले. कॉलेजांच्या संघटनांना सरकारी पैसा थेट संस्थांना हवा होता. पेल यांचा आग्रह होता, की पैसा विद्यार्थ्याच्या नावाने निघावा, म्हणजे तो ज्या कॉलेजात जाईल तिथे पैसा त्याच्यामागे जाईल. 1973-74 मध्ये जास्तीत जास्त 452 डॉलर मिळत. आता वर्षाला 7,395 मिळतात.

या रकमेची कॅलिफोर्नियाच्या फीशी तुलना केली, की एक अनपेक्षित गोष्ट समोर येते. पूर्ण वेळ शिकणाऱ्याला एका सत्राला सुमारे 3,700 डॉलर मिळतात आणि फी तर माफच असते. मग उरलेले पैसे कोणाचे? विद्यार्थ्याचे. फी वळती करून उरलेली रक्कम कॉलेजने साधारण दोन आठवड्यांच्या आत त्याच्या हाती द्यायची असते. त्यातून पुस्तके येतात, बसचा पास निघतो, लॅपटॉप दुरुस्त होतो आणि सर्वांत जास्त पैसा घरभाड्यात जातो. कम्युनिटी कॉलेजच्या गरीब विद्यार्थ्याला फी फारशी भारी पडत नाही, भारी पडते ते जगणे. समाजशास्त्रज्ञ सारा गोल्डरिक-रॅब यांनी 2016 च्या आपल्या ‘पेइंग द प्राइस’ या पुस्तकात विस्कॉन्सिनच्या विद्यार्थ्यांविषयी हेच तपशिलाने दाखवले. 2021 साली लाँग बीच सिटी कॉलेजने गाडीत झोपणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी आपल्या वाहनतळावर रात्रीची सुरक्षित जागा दिली. जिथे कॉलेजला अशी सोय करावी लागते, तिथे फीमाफी हे उत्तराचे एक टोक आहे, एवढेच.

सरकारी अन्नसाहाय्याचा नियम तर आणखी चक्रावून टाकतो. निम्मा किंवा त्याहून जास्त वेळ शिकणाऱ्याला ते सहसा मिळत नाही. आठवड्याला वीस तास नोकरी केली, किंवा लहान मूल सांभाळायचे असले, तर मिळू शकते. मात्र मदतीच्या पॅकेजमध्ये वर्क-स्टडी, म्हणजे सरकारी मदतीतून पगार मिळणारे अर्धवेळ काम मिळाले, तर वीस तासांच्या अटीतून सुटका होते. कॉलेजातल्या ग्रंथालयात आठवड्याचे काही तास काम केले, की पगाराबरोबर घरच्या किराण्याचे दारही उघडू शकते. हे सहजासहजी कोण सांगणार? फायनान्शियल एड ऑफिसातला एखादा जाणकार माणूस सांगतो, आणि तो भेटला नाही तर कोणीच सांगत नाही.

अनुदान किती हे क्रेडिटच्या संख्येवरही अवलंबून असते. बारा क्रेडिट म्हणजे पूर्ण वेळ. सात घेतले तर 58 टक्के मिळतात. कामाच्या पाळ्या बदलल्या म्हणून सत्राच्या सुरुवातीलाच एक विषय सोडला, तर महिन्याचे घरभाडे डळमळू शकते. आणि सत्राचा 60 टक्के काळ उलटण्याआधी सगळेच विषय सोडून विद्यार्थी बाहेर पडला, तर न शिकलेल्या दिवसांचे अनुदान परत जाते. कॉलेज आपला वाटा सरकारला परत करते आणि तेवढी थकबाकी विद्यार्थ्याच्या नावावर चढू शकते. आजारी आईला सांभाळायला घरी गेलेल्या मुलाला काही आठवड्यांनी बिल येते ते असे. नियम निर्दयी मनाने लिहिलेला नाही, सरकारी पैसा शिक्षणावरच जावा म्हणून लिहिलेला आहे. पण विषय सोडायच्या आधी एड ऑफिसात जाऊन तारीख विचारली, तर कित्येकदा चार दिवस थांबल्याने मोठी रक्कम वाचते. हे वाक्य मला प्रत्येक कम्युनिटी कॉलेजच्या दारावर लिहून लावावेसे वाटते.

सर्वांत अवघड नियम वयाचा आहे. चोवीस वर्षांखालचा, अविवाहित, मूलबाळ नसलेला विद्यार्थी सहसा आईवडिलांवर अवलंबून धरला जातो. तो वेगळा राहत असो, घरून एक डॉलरही येत नसो, तरी आईवडिलांचे उत्पन्न अर्जात लागते. ज्या घरातून मूल मार खाऊन बाहेर पडले, त्या घराची आर्थिक माहिती ते कुठून आणणार? इथे कायद्याने एक झरोका ठेवला आहे आणि तो मला या साऱ्या यंत्रणेतला सर्वांत सुंदर भाग वाटतो. घरात छळ असेल, आईवडिलांनी टाकले असेल, तर एड ऑफिसातला अधिकारी स्वतःच्या निर्णयाने त्या विद्यार्थ्याला स्वतंत्र मानू शकतो. अर्जात दोन वर्षांपूर्वीचे उत्पन्न धरले जाते. त्यानंतर वडिलांची नोकरी गेली, घटस्फोट झाला, मृत्यू झाला, तर आकडेही तोच अधिकारी बदलू शकतो. एवढ्या अवाढव्य सरकारी यंत्रणेने शेवटचा शब्द समोर बसलेल्या माणसाकडे सोपवला आहे. फक्त विद्यार्थ्याने तोंड उघडून मागायला हवे, कागद द्यायला हवा, आणि असे मागता येते हे आधी माहीत असायला हवे.

समोर बसलेला माणूस किती फरक पाडतो, याचा चोख पुरावा एका प्रयोगाने दिला. मदतीच्या या अर्जाचे नाव फॅफ्सा. 2008 च्या सुमारास अर्थशास्त्रज्ञ एरिक बेटिंजर, ब्रिजेट टेरी लाँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओहायो आणि उत्तर कॅरोलिनात प्राप्तिकराचे विवरणपत्र भरून देणाऱ्या एच अँड आर ब्लॉकच्या कार्यालयांत हा प्रयोग केला. काही कुटुंबांचे विवरणपत्र भरून झाले, की तिथलाच माणूस तेच आकडे वापरून काही मिनिटांत फॅफ्साही भरून द्यायचा. काही कुटुंबांना फक्त माहिती दिली, की तुम्हाला एवढी मदत मिळू शकते. काहींना काहीच वेगळे दिले नाही. पुढे तीन वर्षे पाहिले. ज्या घरांचा अर्ज भरून दिला, त्या घरांतल्या शाळेच्या शेवटच्या वर्षातल्या मुलांचे दोन वर्षांचे कॉलेज पूर्ण करण्याचे प्रमाण 28 वरून 36 टक्क्यांवर गेले. नुसती माहिती मिळालेल्यांत मोजण्याजोगा फरक पडला नाही! सांगणे पुरले नाही, शेजारी बसून भरून देणे पुरले. शिक्षणावरच्या संशोधनात इतक्या स्वस्त उपायाचा इतका मोठा परिणाम क्वचितच आढळतो.

या संशोधनाने आणि इतरांच्या खटपटीने 2020 मध्ये अर्ज सोपा करण्याचा कायदा झाला. शंभराहून जास्त प्रश्नांचे पन्नासच्या आत आले आणि कराचे आकडे कर खात्याकडून थेट येऊ लागले. पण नवा अर्ज ऑक्टोबरऐवजी 2023 च्या डिसेंबरअखेर, तोही अडखळत उघडला. ज्यांच्या आईवडिलांकडे सोशल सिक्युरिटी क्रमांक नव्हता, ती अमेरिकेत जन्मलेली मुले कित्येक महिने आईवडिलांचा भाग पूर्ण होण्याची वाट बघत राहिली. सर्वांत जास्त हक्क ज्यांचा, तेच सर्वांत मागे राहिले, याची चीड यायलाच हवी.

या अर्जाच्या नियमांची एक बाजू न्यू जर्सी किंवा बे एरियातल्या मराठी घरांनाही भिडते. अर्जाच्या पात्रतेला नागरिकत्वाचा दर्जा विद्यार्थ्याचा लागतो, आईवडिलांचा नाही. वडील एच-वन बी व्हिसावर असतील आणि धाकटी मुलगी एडिसनमध्ये जन्मलेली असेल, तर ती नागरिक म्हणून फॅफ्सा भरू शकते. पुण्यात जन्मून एच-फोर, म्हणजे आश्रिताच्या व्हिसावर आलेल्या तिच्या थोरल्या भावाला केंद्र सरकारचा एक डॉलरही मिळत नाही. दोघे एकाच गाडीतून एडिसनच्याच मिडलसेक्स कॉलेजात जात असले तरीही.

राज्येही आपापल्या योजना आणतात. टेनेसीने 2014 मध्ये कायदा करून 2015 पासून कम्युनिटी कॉलेज फीमुक्त केले. पण तिथे आधी पेल ग्रँट फीकडे वळते आणि कमी पडेल तेवढेच राज्य भरते. ज्याची पेल ग्रँट फीला पुरून उरते, त्या सर्वांत गरीब विद्यार्थ्याला राज्याकडून जवळजवळ काहीच मिळत नाही. तरी ‘फी नाही’ हे दोन शब्द घराघरांत पोचले, प्रत्येकाला स्वयंसेवक मार्गदर्शक मिळाला आणि फॅफ्सा भरण्यात टेनेसी देशात आघाडीवर गेले.

पैसा आणि माणूस दोन्ही एकत्र दिले तर काय होते, हे न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने 2007 पासून चालवलेल्या असॅप कार्यक्रमात दिसते. पूर्ण वेळ शिकायचे, ही अट. बदल्यात उरलेली फी माफ, पुस्तकांना मदत, वारंवार भेटणारा सल्लागार आणि त्या काळी सबवे-बसचे मेट्रोकार्ड. कार्डासाठी कार्यक्रमात सहभाग टिकवावा लागे, म्हणजे सल्लागाराची भेट चुकत नसे. विद्यार्थ्यांची निवड चिठ्ठी टाकावी तशी करून एमडीआरसी या संस्थेने तुलना केली. तीन वर्षांत पदवी घेणारे 22 टक्क्यांवरून 40 टक्क्यांवर गेले. ओहायोतल्या तीन कॉलेजांनी हा कार्यक्रम आपल्याकडे उभा केला. तिथे मेट्रोकार्डाचा उपयोग नव्हता, म्हणून त्यांनी पेट्रोल आणि किराण्यासाठी वापरता येणारी गिफ्ट कार्डे दिली. पदवीचे प्रमाण तिथेही 19 वरून 35 टक्क्यांवर गेले.